मेहरूणचा मळा आणि पाण्याचा हिशेब

खानदेशात येणारा प्रवासी बहुधा अजिंठ्याच्या ओढीने येतो. जळगावास तो आगगाडीतून उतरतो, चहा-फराळ उरकतो आणि सुमारे साठ किलोमीटरांवरील लेण्यांच्या वाटेस लागतो. त्यामुळे शहराला अगदी लागून असलेले मेहरूण त्याच्या दृष्टीस पडत नाही. मेहरूण हे आमचे आजोळ. गेल्या संक्रांतीस बऱ्याच वर्षांनी आम्ही सहकुटुंब तेथे चार दिवस राहिलो, आणि जे पाहिले ते वाचकांच्या कानी घालावे असे वाटले.

मेहरूण आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. तथापि सकाळी तलावाच्या काठी उभे राहिले म्हणजे शहराचा विसर पडतो. पाण्यावर धुके तरंगत असते, हिवाळ्याचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात, आणि वाटेवर बोरे विकणाऱ्या बाया टोपल्या मांडून बसलेल्या असतात. येथील बोर इतके नामांकित की फळबागांच्या पुस्तकांतून ‘मेहरूण’ ही बोरांची एक स्वतंत्र जातच सांगितली जाते. आमच्या लहानपणी जेथे बोरींची बने होती, तेथे आज बंगल्यांच्या रांगा आहेत. उरलेली बोर मात्र चवीस पूर्वीचीच आहे.

मामांचा मळा तलावापलीकडे, शिरसोलीच्या वाटेवर. तेथे भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि मामी कळण्याच्या भाकरी थापीत होत्या. जेवणे झाल्यावर मामा आम्हांस विहिरीपाशी घेऊन गेले. म्हणाले, “हा मळा गेल्या दोन वर्षांपूर्वीच विकला जाणार होता. कसा वाचला, ते तुम्ही ऐकाच.”

विहीर पन्नास फूट खोल. आजोबांच्या काळी तिच्यावर मोट चाले. बैल दमले की पाणी थांबे. म्हणून पाण्याची किंमत मोट हाकणाऱ्यास वेगळी सांगावी लागत नसे. पुढे पाच अश्वशक्तीची विजेची मोटर आली. बैलजोडीचे बळ अजमासे एक अश्वशक्ती धरले, तर पाच जोड्या एका कळीत येऊन बसल्या, आणि त्या दमेनात! तीन एकर केळी झाली, पाटाने पाणी वाहू लागले, आणि काही वर्षांतच माघ संपताच विहिरीचा तळ दिसू लागला. मग तीनशे फूट बोअर घेतली, ती आटल्यावर दुसरी घेतली.

शेतीस वीज मिळते ती ठराविक तासच, आणि पाळी रात्रीची असली तर अंधारात केळीच्या बागेत जावे लागते. तेथे सापाचे भय, आणि अलीकडे बिबट्याचेही. म्हणून मामांनी इतरांप्रमाणे मोटरीस ऑटो स्विच बसविला. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी. सोय मोठी झाली, परंतु मध्यरात्री वीज येताच शिवारातील साऱ्या मोटरी एकदम ओढ घेत, दाब उतरे, डीपी जळे आणि तिच्यामागोमाग मोटरही जळे. शिवाय माणूस झोपलेला, त्यामुळे पाणी बांध ओलांडून शेजारच्या नाल्यात जाई. एका उन्हाळ्यात दोनदा मोटर भरून घ्यावी लागली. पुण्यास असलेल्या मामेभावांनी कळविले, “आता तिसरी बोअर नको. प्लॉट पाडून मोकळे व्हा.”

मामा हिरमुसले. विजेचे बिल तर उरलेच नव्हते. राज्यशासनाने २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज देऊ केली असून ही सवलत २०२९ च्या मार्चपर्यंत जाहीर झालेली आहे. मग मळा तोट्यात का? यावर मामी म्हणाल्या, “अहो, वीज फुकट झाली, बोअर कोणी फुकट दिली? मोटर कोणी फुकट भरून दिली?” त्या रात्री उभयतांनी जमाखर्चाची वही काढली.

तो हिशेब आम्ही जसाच्या तसा देतो. केळीची झाडे पाच फुटांवर लावली तर एकरी सुमारे १,७४० बसतात. भर उन्हाळ्यात ठिबकने झाडास रोज वीस लिटर पाणी धरले, तरी एका एकरास पस्तीस हजार लिटर लागते. एवढे पाणी पन्नास फुटांवरून उचलावयाचे तर निव्वळ श्रम दीड युनिटाइतका, आणि तीनशे फुटांवरून उचलावयाचे तर साडेआठ युनिटांहून अधिक. पंप व मोटर मिळून निम्मी शक्ती वाटेतच खातात असे धरले, तर एकीकडे रोजची तीन युनिटे व दुसरीकडे सतरा. पाणी तेच, झाडे तीच. फरक केवळ खोलीचा. तेव्हा विजेची खरी बचत मोटरीत नसून पाण्याच्या पातळीत आहे, हे दोघांच्या ध्यानी आले.

त्यांनी तीन एकरांची केळी एका एकरावर आणली आणि तिला ठिबक केले. ठिबकने पाटाच्या पाण्याच्या मानाने एक तृतीयांश ते निम्मे पाणी वाचते. ठिबकला दाब हवा, म्हणजे आणखी दहाएक मीटर उचलल्याइतकी शक्ती लागते, हे खरे. आणि गाळणी तुंबली तर तो भार वाढतो. म्हणून ती धुण्याचे काम सालदाराकडे न सोपविता मामांनी स्वतःकडे ठेवले आहे.

बोअरच्या पैशांऐवजी थोडक्या पैशांत विहिरीवरची दुरुस्ती झाली. दोन इंची गंजका लोखंडी नळ काढून तीन इंची पीव्हीसीचा घातला. नळाचा व्यास दीडपट केला की तेवढेच पाणी नेण्यास लागणारे घर्षण सातव्या हिश्श्याच्याही खाली येते. काटकोनी वळणे काढून लांब वळणे बसविली, तुंबलेला फूटव्हॉल्व्ह बदलला. हौदात पाण्याची धार पाच फूट उंचावरून पडे. दिसावयास ती शोभिवंत, पण पन्नास फुटांच्या विहिरीवर पाच फूट म्हणजे एक दशांश श्रम फुकट! नळाचे तोंड खाली आणले. ऑटो स्विच काढला आणि कपॅसिटर बसविला.

या गोष्टी खानदेशास नव्या नाहीत. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शतकानुशतके फडांची शेती चालत आली. नदीस बंधारा, त्यातून पाट, आणि जमिनीच्या उताराने वाहणारे पाणी. इंजीन नाही की मोटर नाही. पाण्याची पाळी सर्वांनी मिळून ठरवावयाची. मेहरूणच्या जवळच शिरसोली रस्त्यावर भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी उघड्या टेकड्यांवर पावसाचे पाणी अडवून हिरवाई उठविली. ती आजही पाहण्यासारखी आहे. २०१२ साली उघडलेले गांधीतीर्थही तेथेच आहे. उलट तापीपलीकडे यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात उपसा भरण्याहून अधिक झाल्याने पाणी खोल खोल गेले आहे. सौरपंपाने दिवसा पाणी देता येते व रात्रीचे भय टळते, हे त्याचे मोठे उपकार. पण ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर विहीर तितक्याच वेगाने आटेल.

सायंकाळी परत फिरताना मामांनी उरलेल्या दोन एकरांतील बोरीची कलमे दाखविली. भर उन्हाळ्यात बोर पाने गाळून निजते, मुळे खोल नेते, आणि पावसाच्या पाण्यावर संक्रांतीस फळ देते. ज्या झाडास या मातीने स्वतःच काटकसर शिकविली, ते सोडून आपण मोटरीच्या बळावर भलत्याच हौसेच्या मागे लागलो होतो, असे मामा म्हणाले.

दोन उन्हाळे झाले. मोटर जळलेली नाही, आणि वैशाखातही विहिरीत पुरुषभर पाणी असते. केळीचे उत्पन्न घटले, पण खर्च त्याहून अधिक घटला. मामेभाऊ आता प्लॉटांची गोष्ट काढीत नाहीत. उलट बोरे कधी पाठविता, असे पत्रांतून विचारतात. निघताना मामींनी आमच्या पिशवीत बोरे घातली, आणि माजघरातील दिवा विनाकारण जळत होता तो मालवून मगच त्या आम्हांस निरोप देण्यास ओटीवर आल्या.