एकतिसावे पान

पत्त्यांच्या डावात हाती येतील ती पाने निमूटपणे घ्यायची, हा आपला जुना शिरस्ता. माझ्या भाच्याच्या मोबाइलवरील ‘हार्थस्टोन’ला तो मान्य नाही. २०१४ साली आलेल्या या खेळात लढाईपूर्वी ३० पानांचा कॅट आपणच जुळवायचा. एक पान फार तर दोनदा. ‘लेजंडरी’ वीर मात्र एकेकदाच.

मग सगळे महारथीच का घेऊ नयेत? कारण पहिल्या पाळीला खर्चायला एकच स्फटिक मिळतो, दुसऱ्या पाळीला दोन, असे करीत दहापर्यंत. आठ-नऊ स्फटिकांचे महारथी तोवर हातात नुसते बसून राहतात आणि समोरच्याची चिल्लर फौज आपले निम्मे प्राण खाऊन टाकते! शिवाय जोडी जमावी लागते. ‘मुरलॉक’ नावाचे मासळीतोंडे जीव एकेकटे अगदी दुबळे. पण त्यांचा नायक पटावर आला, की साऱ्यांचा वार जोरकस होतो.

तरीही मला अवघड वाटते ते निवडणे नव्हे, वगळणे. आवडते एकतिसावे पान बाजूला ठेवावेच लागते. भाचा ते सहज ठेवतो. पान रुसत नाही. उद्या पुन्हा घेता येते.

आम्हां शिक्षकांना खो-खोच्या संघाची यादी फळ्यावर लिहावी लागते. तिथेही हिशेब हाच : चपळ कोण, दमाचा कोण, कोणाचे कोणाशी जमते. पण यादी संपली, तरी एक पोर फळ्याकडे बघत उभेच असते. संघ कसा बांधावा, हे खेळ शिकवील. त्या पोराशी काय बोलावे, हे मात्र आपले आपणच शिकायचे.