भिंतीतलं बिऱ्हाड

श्रावणातल्या एका सकाळी माझ्या बोटाची पिवळी पूड चहाच्या कपाच्या कानाला लागली, तेव्हा लक्षात आलं, आपण आता माशीच्या कामाला लागलोय.

लाल भोपळ्याचा वेल मांडवभर पसरलेला. आधी नुसती नरफुलं आली. मग सुपारीएवढा भोपळा बुडाशी घेऊन मादीफुलं आली आणि ते भोपळे पिवळे पडून गळू लागले. शेणखत घातलं, तरी तेच. शेवटी पहाटेच जाऊन उभा राहिलो. माहुलीचे सुळके ढगात होते. फूल पहाटे उमलतं नि ऊन चढेस्तोवर मिटतं. तेवढ्यात मुंग्या येऊन गेल्या, माशी एकही नाही. मग नरफुलाच्या पाकळ्या सोलून आतली दांडी मादीफुलात फिरवली. सगळीकडून, नाहीतर भोपळा वाकडा धरतो.

मुरबाडकडच्या आजोळी हे कुणी करत नसे. तिथली मागची भिंत दगडमातीची, हातभर जाड. देवळीमागे सातेरीचं मोहोळ होतं. दिसायचं काहीच नाही. सातेरी अंधारातच पोळी बांधते, एकीशेजारी एक. बाहेर फक्त बोटभर भोक आणि दिवसभर ये-जा. दुपारी देवळीला कान लावला की लांब कुठे जातं फिरत असल्यासारखी घरघर. भिंत सारवताना आजी भोकाभोवतीची जागा कोरडी सोडायची. एकदा वाडीवरचे एकजण मध काढायला आले, तर म्हणाली, "अर्धी पोळी ठेवा हां. बिऱ्हाड आहे ते." ते हसले. "सातेर हाय बाय, रागाची नाय ती."

मामानं पुढे स्लॅबचं घर बांधलं. मीही बांधलं असतं. गळक्या कौलांखाली ज्यानं रात्रभर पातेली सरकवली नाहीत, त्यानंच जुन्या घरांसाठी हळवं व्हावं. वाशांत भोकं पाडून राहणारे काळे भुंगेही गेले. लोखंडी पाइपात कोण घर करणार? २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' झालं, तेव्हा मला ती एक भिंत आठवली.

दुधीचं मात्र बरं चाललंय. त्याची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि पतंग येतात. ओटीवरचा दिवा लावला की पतंग तिकडेच घिरट्या घालतात, म्हणून हल्ली आम्ही अंधारातच बसतो. परवा एक भलाथोरला आला. फुलावर बसलाच नाही. हवेत जागच्या जागी थरथरत लांब सोंड आत घातली.

बायकोनं हातातला कप आवाज न करता खाली ठेवला.