चाक जमिनीवर राहावं म्हणून

ऑफ-रोडिंगच्या रील्समध्ये एक दृश्य हमखास असतं. जीप आडवीतिडवी दगडांवर चढलेली, मागचं एक चाक हवेत आणि खाली कमेंटमध्ये आगीचे इमोजी. दिसायला भारीच. पण ज्याला त्याच गाडीने अंधार पडायच्या आत शेतातून घरी यायचंय, त्याच्यासाठी हवेतलं चाक म्हणजे संकट.

याचं कारण डिफरन्शिअल. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो किती द्यायचा हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. ते गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ शून्यच मिळतं. फोर बाय फोर असली तरी सुटका नाही. नाला तिरका ओलांडताना समोरचं उजवं आणि मागचं डावं, अशी दोन चाकं एकदम हलकी होतात. एक पुढची जोडी गेली, एक मागची गेली. गाडी जागेवर.

आमचं शेत चिखली तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. तिकडे जायला पांदण, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले लोक ज्याला पाणंद म्हणतात ती. काळी माती, पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या, आणि मध्ये तिरका उतरणारा नाला. बाबा ६३ वर्षांचे आहेत. सोयाबीनच्या दिवसांत जुनी एमएम ५४० घेऊन एकटेच जातात. मी पुण्यात लॅपटॉपसमोर असतो आणि संध्याकाळी साडेसातला फोन येतो, "जीप नाल्यात हाये. मी पायी निंगालो." पुढचा पाऊण तास मी कोडकडे बघतो, पण वाचत काहीच नाही. त्या वाटेवर साप निघतात.

उपाय म्हणून गाडी उंच करायची, हे मित्रांचं मत. बाबांनी ते एका वाक्यात उडवलं. "उंच नको करू बापा, पलटी खाईन थे." बरोबरच होतं. गाडी उंच केली की वजन वर जातं आणि उतारावर ती लवकर कलंडते. आम्हाला हवी होती ती उंची नव्हे, ट्रॅव्हल. म्हणजे खड्डा आला की चाकाने स्वतः खाली उतरून जमीन शोधायची.

दिवाळीच्या सुट्टीत चिखलीच्या एका गॅरेजात बसलो. मिस्त्रीकाकांनी चासी एका बाजूने जॅकवर उचलली. मागचं चाक ५ सेंटिमीटर खाली आलं आणि अडकलं. मग त्यांनी शॉकअपचा खालचा बोल्ट काढला. एक्सल आणखी ७ सेंटिमीटर खाली उतरला. "पाह्य," ते म्हणाले, "पाटे तं जाऊन राह्यले, शॉकअपच सोडत नाही." शॉकअपचं काम पाट्यांचं उसळणं शांत करण्याचं. इथे तो साखळीसारखा एक्सल धरून बसला होता. दर पावसाळ्यात त्यातून तेल का गळायचं, तेही तेव्हा कळलं.

मग लांब शॉकअप बसवला की झालं? नाही. जुना पूर्ण उघडल्यावर ५१ आणि मिटल्यावर ३२ सेंटिमीटर. नवा उघडल्यावर ६४, पण मिटल्यावरही ३८. जास्त लांब उघडणारा शॉकअप मिटल्यावरही लांबच असतो. गाडी आदळून बंप स्टॉपचं रबर पूर्ण दाबलं जातं तेव्हा शॉकअपला जागा उरते ३४ सेंटिमीटर. म्हणजे रबराच्या आधी शॉकअपच आपटणार. म्हणून वरचा माउंट ७ सेंटिमीटर वर न्यायचा. आता जागा झाली ४१, आणि चाक खाली जायला ५ ऐवजी ११ सेंटिमीटर.

शॉकअप तिरका लावूनही ट्रॅव्हल मिळतो, माउंट फारसा वर न्यावा लागत नाही. पण त्याची किंमत आहे. ४५ अंशांत कलला की चाकापर्यंत त्याचा निम्माच जोर पोचतो. ३० अंशांत पाऊण. म्हणून आम्ही तो शक्य तेवढा उभाच ठेवला. नवे ब्रॅकेट उंच झाल्याने वाकू नयेत म्हणून डावं-उजवं एका पाइपने जोडलं.

यानंतर मिस्त्रीकाका एक्सलकडे न बघता ब्रेकच्या रबरी पाइपाकडे बघू लागले. एक अडथळा काढला की ताण पुढच्या कमजोर भागावर जातो, हे मी रोज सर्व्हरवर बघतो. सर्व्हर पडला तर रीस्टार्ट करता येतो. इथे तो पुढचा भाग ब्रेकचा होता. चाक ११ सेंटिमीटर खाली गेलं असतं तर पाइप ताणून तुटला असता. पाइप लांब टाकला. शिवाय दोन्ही बाजूंना नायलॉनचे जाड पट्टे लावले, १० सेंटिमीटरवर एक्सलला थांबवणारे. थांबवणारं काहीतरी लागतंच. फक्त ते काम ज्या वस्तूचं आहे तिनेच करावं. खाली पट्ट्याने, वर रबराने, शॉकअपने किंवा ब्रेकच्या पाइपने नाही.

कायदाही थांबवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वाहन वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आम्ही चासी कापली नाही, वेल्डिंग केलं नाही. सगळं मूळ भोकांतल्या बोल्टवर. जुने ब्रॅकेट आणि शॉकअप गोठ्यात तेल लावून ठेवलेत. डांबरावर जायच्या आधी जीप होती तशी करायची, असं घरात ठरलंय. दोन तासांचं काम आहे.

गेल्या पावसाळ्यात साडेसातचा फोन दोनदाच आला. त्या दोन्ही वेळी चाकोरी इतकी खोल होती की ११ काय, २० सेंटिमीटरही पुरले नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. आमच्या पांदणीवर अजून मुरूम पडायचाय. तो पडला की हे ब्रॅकेट भंगारात जातील, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटणार नाही.