घोड्यांच्या गावातली माणसे

मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत गेली आणि त्यांच्यामागोमाग आपल्यातले आईवडीलही तिकडे जाऊन येऊ लागले. बहुतेकजण न्यूयॉर्क पाहतात, नायगारा पाहतात आणि परततात. आम्ही दोघे मुलीकडे केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात राहून आलो. या शहराला जगातली घोड्यांची राजधानी म्हणतात. तिथे काय पाहावे, काय खावे, हे पुढे जाणाऱ्यांना कळावे म्हणून हे चार शब्द.

शहराबाहेर पडले की हिरवी कुरणेच कुरणे. जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. तो चुना पाण्यात नि गवतात उतरतो, त्याने शिंगरांची हाडे मजबूत होतात, असे तिथले लोक सांगतात. रस्त्याच्या कडेने दगडी गडगे लांबच लांब गेलेले दिसतात. दगडावर दगड बसवलेला, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. आयरिश गवंड्यांनी आणलेली ही कला गुलामगिरीत राबणाऱ्या काळ्या माणसांनी आत्मसात केली आणि गडगे उभे केले.

कीनलँडचे रेसकोर्स १९३६ साली सुरू झाले. शर्यती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतात. पैसे लावा, असे आम्ही कुणालाच सांगणार नाही. पण सकाळी घोड्यांचा सराव चालतो, तो पाहायला तिकीट नसते. थंडीत घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघतात आणि मोतद्दार त्यांना पोटच्या पोरासारखे जपून फिरवतात. हे दृश्य लहानथोर सर्वांनी पाहावे.

खाण्यात तिथला मान बर्गूचा. दोन-तीन प्रकारचे मांस, मका, वालासारखे दाणे, बटाटे, टोमॅटो एकत्र घालून तासन्‌तास शिजवलेला हा घट्ट रस्सा. कोणते मांस आहे हे आधी विचारून घ्यावे. आपल्या तोंडाला तो थोडा सपक लागतो. आम्ही सोबत नेलेली चटणी कामी आली. मक्याच्या पिठाचा, चमच्याने खाण्याइतका मऊ स्पूनब्रेड मात्र वयस्कर माणसांना फार सोयीचा. पावाच्या पुडिंगवर बहुधा दारूचा पाक असतो, तेव्हा नको असेल तर तसे सांगावे. मुलांसाठी आल्याच्या चवीचे एल-एट-वन हे तिथल्याच भागातले पेय आहे.

आज कुणीही कोणत्याही टेबलाशी बसून जेवतो. हे आपोआप घडलेले नाही. १९५९ साली काळे आणि गोरे कार्यकर्ते इथल्या उपाहारगृहांत जाऊन बसले, वाढले नाही तरी उठले नाहीत. गावच्या वर्तमानपत्रांनी त्या बातम्या दाबल्या. २००४ साली, पंचेचाळीस वर्षांनी, तिथल्या वर्तमानपत्राने त्याची जाहीर कबुली दिली. ज्यांची पंगत वेगळी मांडली गेली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शर्यतींचा इतिहासही असाच. जवळच्या लुईव्हिल शहरात १८७५ साली पहिली केंटकी डर्बी झाली. पंधरा स्वारांपैकी तेरा काळे होते आणि जिंकणारा ऑलिव्हर लुईसही काळाच. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या. मग गोऱ्या जॉकींनी संगनमत करून त्यांना मैदानात कोंडीत धरायला सुरुवात केली, मालकांनी घोडे देणे थांबवले, आणि ज्यांनी हा खेळ मोठा केला तेच त्यातून बाहेर फेकले गेले.

लेक्सिंग्टनचा आयझॅक मर्फी १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन डर्बी जिंकला. १८९६ साली तो वारला तेव्हा त्याला काळ्यांच्या दफनभूमीत पुरले. पुढे ते थडगेही विस्मरणात गेले. १९६० नंतरच्या दशकात एका पत्रकाराने ते शोधून काढले आणि १९६७ मध्ये मर्फीला ‘मॅन ओ’ वॉर’ या नामांकित घोड्याच्या समाधीशेजारी हलवले. आज दोघेही १९७८ साली उघडलेल्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये आहेत. घोड्याचा भव्य पुतळा लांबूनच नजरेत भरतो. माणसाची कबर शोधावी लागते. त्याची पत्नी ल्यूसी तर जुन्याच दफनभूमीत राहिली. नवराबायकोंची अशी ताटातूट वाचून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो.

आता तिथे थोडे पालटते आहे. पूर्व तिसऱ्या रस्त्यावर मर्फीच्या नावाची बाग झाली आहे. ज्या चौकात पूर्वी माणसांचा बाजार भरे, त्याला २०२० मध्ये हेन्री टँडीचे नाव दिले. गुलाम म्हणून जन्मलेला हा गवंडी पुढे नामांकित बांधकाम व्यावसायिक झाला. शेजारच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीची वीट त्याच्या हाताखाली रचली गेली.

लेक्सिंग्टनला गेलात तर हॉर्स पार्क अवश्य पाहा. पण त्याआधी पूर्व सातव्या रस्त्यावरच्या आफ्रिकन सिमेट्री नंबर दोनमध्ये तासभर घालवा. ऑलिव्हर लुईस तिथेच आहे आणि कितीतरी जॉकी, मोतद्दार, प्रशिक्षकही. मुलांना दगडांवरची नावे मोठ्याने वाचायला सांगा. ज्यांच्या कबरीवर दगडच नाही, त्यांच्याविषयी तुम्ही सांगा.