भिंतीवरची मेजवानी

उपाहारगृहात मनुष्य खाण्यासाठी जातो, हे विधान वरवर पाहता वादातीत वाटते. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत असे एक उपाहारगृह निघाले की, जिथे लोक मुख्यतः भिंती पाहावयास जात. त्याचे नाव ‘प्लॅनेट हॉलिवुड’. त्याची भरभराट आणि पडझड ही दोन्ही मला एखाद्या नाटक मंडळीच्या हकीगतीसारखी चटका लावणारी वाटतात.

1991 साली न्यूयॉर्कच्या 57व्या रस्त्यावर ते उघडले. रॉबर्ट अर्ल हा त्याचा चालक. पण लोकांच्या तोंडी नावे असत ती श्वार्झनेगर, स्टॅलोन, ब्रूस विलिस आणि डेमी मूर यांची. या मंडळींना धंद्यात भाग दिलेले होते, आणि त्यांनी उद्घाटनाच्या समयी दर्शन द्यावे असा मामला होता. आत जिकडेतिकडे चित्रपटांतले वेष, शस्त्रे, मुखवटे. ‘फॉरेस्ट गम्प’मधली चॉकलेटची पेटीसुद्धा चालकांनी मिळवली होती. खाण्याच्या घरात खाऊ काचेआड ठेवावा व गिऱ्हाइकाने तो नुसता न्याहाळावा, ही कल्पना ज्याला सुचली तो मोठा विनोदी पुरुष असला पाहिजे! बशीत काय येई म्हणाल, तर मुलांच्या न्याहारीच्या गोड, कुरकुरीत दाण्यांचा चुरा लावून तळलेले कोंबडीचे तुकडे हा तिथला नामांकित पदार्थ.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. लंडनमध्ये 1971 साली ‘हार्ड रॉक कॅफे’ निघाले होते, आणि अर्लही पूर्वी त्याच कारभारात होता. परंतु तिथल्या भिंतीची गोष्ट निराळी आहे. एरिक क्लॅप्टन हा वादक तिथला नेहमीचा गिऱ्हाईक. आपली आवडती जागा आपली म्हणून ओळखली जावी यासाठी 1979च्या सुमारास त्याने आपली एक गिटार तिथे टांगावयास दिली. थोड्याच दिवसांत पीट टाउनशेंड याने आपलीही पाठवली. सोबत चिठ्ठी अशी की, माझीही काही त्याच्याहून कमी नाही. म्हणजे तिथे आधी गिऱ्हाईक आले, मग त्याची वस्तू भिंतीवर चढली. ‘प्लॅनेट हॉलिवुड’मध्ये आधी भिंत सजली आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहणे सुरू झाले. साऱ्या कथेचे मर्म मला या एका फरकात दिसते.

उद्या कोणी बालगंधर्वांचा भरजरी शालू काचेत मांडून त्याखाली बटाटेवडे विकू लागला, तर मीही जाईन. एकदा जाईन, पाहुणे आले तर त्यांना घेऊन दुसऱ्यांदाही जाईन. पण एखाद्या मंगळवारी, केवळ भूक लागली म्हणून, माझे पाय तिकडे वळतील का? विद्यार्थिदशेत पुण्यातल्या ज्या खाणावळीत मी चार वर्षे दोन्ही वेळा जेवलो, तिथे दत्ताची तसबीर आणि एक दिनदर्शिका यांपलीकडे पाहण्यासारखे काही नव्हते. मात्र मला ताकाची कढी आवडते आणि माझ्या सोबत्याला लसूण चालत नाही, हे तिथल्या काकूंना पाठ होते. अर्थात त्यामुळे खाणावळ अमर झाली असे नव्हे. काकू थकल्या, मुले नोकरीला लागली, आणि तीही मिटली.

इकडे अमेरिकेत 1996 साली या धंद्याचे भाग बाजारात आले. 18 डॉलरचा भाग पहिल्याच दिवशी पुष्कळ वर चढला. मग शहरामागून शहर! माझ्या भाच्याने त्या सुमारास मला तिथला एक सदरा पाठवला होता. छातीवर उपाहारगृहाचे नाव आणि खाली शहराचे. असे सदरे विकणे हा त्या धंद्याचा मोठा आधार होता. पण त्या सदऱ्याची सारी ऐट ‘मी तिथवर जाऊन आलो’ या सांगण्यात. गंगाजळाची लोटी गल्लोगल्ली मिळू लागली, तर काशीहून ती आणणाऱ्याचे कौतुक कोण करणार? शिवाय अरण्याचा देखावा असलेली, वेषभूषेची, पाणबुडीची अशी नाना सोंगांची उपाहारगृहे भोवती उगवली होती. तारे उद्घाटनाला येत व निघून जात. दुसऱ्या दिवशी उरत ते त्यांचे कोट. कर्ज वाढले, गिऱ्हाईक घटले. 1999 साली पहिले दिवाळे निघाले. 2000 साली श्वार्झनेगर यांनी संबंध सोडला. 2001 साली दुसरे दिवाळे.

उपाहारगृहे एकामागून एक मिटत गेली, तरी नाव मात्र खपत राहिले. 2007 साली लास व्हेगासमधल्या ‘अलादिन’ या हॉटेलाची पाटी उतरवून तिथे हेच नाव चढवण्यात आले, आणि 2015 साली गोव्यात उतोर्ड्याच्या किनाऱ्यावरही ते झळकले. तिथे निदान पाहावयास समुद्र होता.