आपण हरलो म्हणजे कोण हरले?

इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ते दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. यजमान ‘आम्ही आता जेवतो’ म्हणाला तर पाहुण्याने चपला घालाव्यात आणि ‘आपण आता जेवू’ म्हणाला तर हात धुवावेत, इतका हा भेद रोजच्या व्यवहारातला आहे. शेजारच्या तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ अशी ह्याच भेदाची जोडी आहे. इंग्लंडातला फुटबॉलवेडा माणूस सामना संपल्यावर प्रथमपुरुषात बोलतो, तेव्हा त्याला ह्या निवडीचा त्रास नसतो. आम्हांला तो आहे. गेली वीसएक वर्षे आम्ही लिव्हरपूल फुटबॉल क्लबाचे निस्सीम चाहते आहोत आणि क्लब हरला की कोण हरले, ‘ते’, ‘आम्ही’ की ‘आपण’, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. प्रस्तुत लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तो जुन्या निबंधकारांचा रिवाज पाळून. त्यात लिव्हरपूलच्या कुणाचाही समावेश आम्ही गृहीत धरलेला नाही.

आमचे गाव पोखर्णी. परभणी–परळी लोहमार्गावरचे लहानसे स्थानक आणि नृसिंहाचे जुने देऊळ ही त्याची ओळख. जमीन काळी, कापूस, ज्वारी, अलीकडे सोयाबीन. खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि अर्थातच क्रिकेट. चेंडूला पायाने मारणे हा आमच्याकडे खेळ नव्हता, फार तर खोडी होती. अशा गावात हे वेड शिरले ते केबलच्या तारेतून. २००५ सालच्या मे महिन्यात, नृसिंह जयंती नुकतीच झाली असताना, परभणीला खोली करून राहणाऱ्या एका मित्राकडे आम्ही चँपियन्स लीगचा अंतिम सामना पाहिला. इस्तंबूलमधला हा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाला. पहिल्याच मिनिटात मालदिनीने आणि मध्यंतरापूर्वी क्रेस्पोने दोनदा गोल केल्यावर मिलान ३–० असे पुढे होते. उत्तरार्धात सहा मिनिटांत जेरार्ड, श्मिसर आणि अलोन्सो ह्यांनी तिन्ही गोल फेडले. जादा वेळेत शेवचेंकोचे लागोपाठचे दोन फटके गोलरक्षक डुडेकने अडवले आणि पेनल्टींवर लिव्हरपूल ३–२ असे जिंकले, तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. ह्या सामन्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, त्यात आम्ही भर घालत नाही. आम्हांला नोंदवायचे आहे ते एवढेच, की पूर्वार्ध संपेपर्यंत आम्ही ‘ते तीन गोलने मागे आहेत’ म्हणत होतो आणि तिसरा गोल झाला तेव्हा ‘आपली बरोबरी झाली’ म्हणालो. सर्वनाम नेमके कधी बदलले, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आले नाही.

पुढच्या काही महिन्यांत रात्रीची जागरणे वाढली. भारनियमनाचे दिवस होते. वीज कोणत्या गावी किती वाजता असेल ह्याचा हिशेब करून सामना कुठे पाहायचा ते ठरे. हा प्रकार काही दिवस पाहून घरातल्या आबांनी एकदा सरळ विचारले, “रातभर जागायलास त्यांच्यासाठी. त्यांना तू ठाऊक हाईस का?” आम्ही तोऱ्यात म्हणालो, “आबा, तुम्ही वारीला जाता. इठोबाला तुम्ही ठाऊक आहात का?” आबांनी तंबाखूची डबी बंद केली आणि शांतपणे सांगितले, “हाव. त्याला ठाऊक हाय.”

फुटबॉलचे वेड म्हणजे आधुनिक काळातली भक्ती, मैदान म्हणजे देऊळ आणि खेळाडू म्हणजे देव, अशी रूपके आपल्याकडे स्वस्त झाली आहेत. आबांच्या उत्तराने आमच्यापुरते हे रूपक मोडले. वारकऱ्याच्या दृष्टीने पंढरीचा देव युगे लोटली तरी त्याच्याचसाठी विटेवर उभा आहे. दोन्ही बाजूंनी ओळख आहे, म्हणून ती भक्ती आहे. अॅनफिल्डच्या मैदानात आमच्यासाठी कुणी उभे नाही. आमचे प्रेम एकतर्फी आहे आणि ज्याच्यावर ते आहे त्याच्या लेखी आम्ही प्रेक्षकसंख्येतला एक आकडा आहोत. दूरच्या चाहत्याला दैवतच हवे असेल, तर आम्ही आमच्या गावचे सुचवू. हिरण्यकशिपूला वर होता, की मरण घरात येऊ नये आणि घराबाहेरही येऊ नये. म्हणून नृसिंह उंबरठ्यावर बसला. आत नाही आणि बाहेरही नाही, ही जागा आम्हांला ओळखीची वाटते.

मात्र प्रेम जडले की माणूस वंशावळ शोधू लागतो. प्रत्येक तीर्थाला जसे पुढे स्थलमाहात्म्य रचले जाते, तसे आम्हीही रचले. लिव्हरपूल हे बंदर, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस ह्याच बंदरात उतरे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच ओसरला. उमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाची एक जात लिव्हरपुलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखली जाई. काळ्या मातीतल्या शेतकऱ्याचे नशीब ज्या शहरातल्या भावावर हलत असे, त्याच शहराच्या संघावर आमची झोप हलते, हे वाचून आम्हांला केवढा आनंद झाला! पण खरे सांगायचे तर कापसामुळे कुणी लिव्हरपूलचा चाहता झालेला नाही. प्रेम आधी होते, इतिहास नंतर सापडतो.

मग जवळचा संघ का नाही, असे विचारले जाते, आणि ते योग्यच आहे. परभणी जिल्हा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली एशियाई सुवर्णपदके मिळवली. राज्य आमचे होते, पण त्या संघाची साधी दंतकथाही आमच्या गावापर्यंत आली नाही. इकडे कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा त्यांच्यामागे उभ्या राहतात. हेवा वाटावा असेच ते वैभव. पण तिथले ‘आपण’ जन्माने, गल्लीने मिळते. परभणीचा माणूस तिथेही पाहुणाच. जवळचे ते आपले आणि दूरचे ते परके, हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

ज्या गोष्टीने आमचे हे नाते खेळापलीकडे गेले, ती खेळाची नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उपांत्य सामना पाहायला गेलेले लिव्हरपूलचे प्रेक्षक जाळीबंद कठड्यांत चिरडले गेले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. बाहेरची गर्दी कमी करण्यासाठी पोलिसांनी एक दार उघडले, पण आधीच भरलेल्या कठड्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. दोष मात्र मेलेल्यांवर आला: ते दारू प्यालेले होते, बेशिस्त होते. १९९१च्या पहिल्या चौकशीत हे अपघाती मृत्यू ठरले. नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघड केली आणि २०१६च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने निर्णय दिला, की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्याने घडले आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. सत्तावीस वर्षे लागली.

ही हकीकत वाचत असताना आमच्या डोळ्यांसमोर मांढरदेवी होती. इस्तंबूलच्या बरोबर चार महिने आधी, २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत काळूबाईच्या डोंगरावर अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांना लागलेली आग. अशा घटनेसाठी आपल्याकडे शब्द ठरलेला आहे: चेंगराचेंगरी. मारामारी, ढकलाढकली, हाणाहाणी ह्यांच्याच घडणीचा हा शब्द. त्या घडणीत क्रिया परस्परांवर होते; म्हणजे लोकांनीच लोकांना चेंगरले. चौकशी बसण्यापूर्वीच व्याकरणाने निकाल दिलेला असतो. वाट किती रुंद ठेवली होती, दार कुणी उघडले, कुणी बंद करायचे राहिले, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. दूरच्या शहरातल्या आयाबहिणींनी हे प्रश्न सत्तावीस वर्षे धरून ठेवले नसते, तर आपल्या भाषेतल्या एका साध्या शब्दाकडे आम्ही असे पाहिले नसते. परक्या संघावरच्या प्रेमाने माणूस आपल्या मातीपासून तुटतो, असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे.

तरीही ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार ह्यातून मिळतो, असे आम्ही समजत नाही. २०१६च्या फेब्रुवारीत, नव्या हंगामात काही तिकिटे ७७ पौंडांना विकण्याचा बेत जाहीर झाला. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालते झाले. संघ तेव्हा २–० असा पुढे होता. सामना २–२ असा सुटला. काही दिवसांत मालकांनी बेत मागे घेतला. आम्ही तो सामना टीव्हीवर पाहत होतो. त्या मिनिटाला आम्ही टीव्ही बंद केला असता तरी कुणाला कळले असते? त्यांच्याजवळ उठून जाण्याची ताकद आहे, कारण त्यांच्याजवळ बसायची जागा आहे.

१८ एप्रिल २०२१ रोजी लिव्हरपूलसह बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. जगभर टीव्हीपुढे बसलेल्या प्रेक्षकांचा हवाला तिच्या समर्थनार्थ दिला गेला. त्या प्रेक्षकांत आम्ही आलोच. गावोगावचे इंग्रज चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. लिव्हरपूलच्या अमेरिकी मालकांनी क्षमा मागितली. आमच्या नावाने जे चालले होते, ते ज्यांनी बंद पाडले, त्यांच्या बाजूला आम्ही मनाने उभे होतो. दूरच्या चाहत्याने करण्यासारखी निष्ठेची गोष्ट कदाचित तेवढीच असावी: आपले नाव पुढे करून कुणी घरच्यांचे ताट ओढू लागला, तर ‘आम्हांला नको’ म्हणणे.

मालकीनेही हा अधिकार मिळत नाही, हे पाहायला पुण्यापर्यंत गेले तरी पुरे. कोंबडी-व्यवसायातल्या तिथल्या वेंकीज समूहाने २०१०च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. १९९५चा हा इंग्लिश विजेता २०१२ साली पहिल्या श्रेणीतून घसरला. संतापलेल्या प्रेक्षकांपैकी कुणी तरी भर सामन्यात मैदानात कोंबडी सोडली. क्लब पुण्याच्या मालकीचा आहे. ‘आम्ही’ म्हणतात ते मात्र ब्लॅकबर्नचे लोकच.

एकदाच हे अंतर मिटल्यासारखे झाले. तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर लिव्हरपूलचे विजेतेपद निश्चित झाले ते २५ जून २०२० रोजी, महामारीत, मैदाने रिकामी असताना. ज्यांनी तीन दशके ह्या दिवसाची वाट पाहिली, त्यांनाही आपला संघ टीव्हीवरच पाहावा लागला. त्या उन्हाळ्यात अॅनफिल्डच्या शेजारची गल्ली आणि पोखर्णी मैदानापासून सारख्याच अंतरावर होत्या. आम्हांला त्याचा आनंद झाला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये टॉटनहॅमला ५–१ असे हरवून विसावे विजेतेपद आले, तेव्हा मैदान तुडुंब भरलेले होते आणि लोक गात होते. १९४५ सालच्या ‘कॅरोसेल’ ह्या संगीतिकेतले ते गाणे तिथल्या लोकांनी १९६३पासून आपलेसे केले आहे. परक्याचे गाणे आपले करून घेण्यात तेही आमच्यासारखेच निघाले! ते दृश्य पाहताना आमच्या तोंडी ‘ते जिंकले’ असेच आले, आणि त्यात उणे काही वाटले नाही.

गावातली मुले आता मोबाइलवर सामने पाहतात. कुणी मँचेस्टर सिटीचा, कुणी रियाल माद्रिदचा. ‘आपण’ हा शब्द ती बेधडक वापरतात. आम्ही त्यांना अडवत नाही. भाषेने दार उघडे ठेवले आहे, तर आत डोकावायला हरकत नाही. हरल्याच्या दुसऱ्या सकाळी मात्र पारावर त्यांच्याजवळ बसून आम्ही विचारतो, काल रात्री कोण हरले? ‘आपण’ असे उत्तर आले, तर आम्ही पुढचा सामना कधी आहे ते विचारतो.