शिटी वाजली, आता गाडी गाठा!

बंगळूरचे कांतीरवा स्टेडियम कब्बन पार्कजवळच आहे. बंगळूर एफसीचा सामना असला की निळे शर्ट घातलेली मंडळी, कडेवर मुले घेतलेले बाप, सारे तिकडे निघतात. जाण्याची चिंता नसते. चिंता असते ती परतीची! साडेसातचा सामना सुटायला साडेनऊ वाजतात. मग रिक्षावाल्याशी घासाघीस, नाही तर बसथांब्यावर ताटकळणे.

२०१६ साली कब्बन पार्कखालून मेट्रो धावू लागली आणि हा त्रास बराच कमी झाला. स्थानक चालत जाण्याजोगे आहे. ऑक्टोबर २०२३ पासून व्हाईटफील्ड ते केंगेरी एकाच गाडीने जाता येते. यशवंतपूरकडे जाणाऱ्यांना मात्र मॅजेस्टिकला गाडी बदलावी लागते.

पण मेट्रो रात्रभर धावत नाही. ३ मार्च २०२३ ला केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला आणि सुनील छेत्रीचा गोल तेव्हाच झाला. घड्याळाकडे पाहून आधीच उठलेल्याचा तो गोल हुकणारच! म्हणून मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी. मग सामना निवांत पाहता येतो.